चार कागदांवर चार नावं, मग बहिणीचा आजार नेमका कोणता?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमची बहीण एकवीस वर्षांची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. गेले आठ महिने तिला झटके येतात. डोळे घट्ट मिटून घेते, अंग ताठ होतं, हातपाय आपटते, पंधरा-वीस मिनिटांनी शांत होते आणि मग रडू लागते. ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) आणि मेंदूचा एमआरआय दोन्ही नॉर्मल आले. फॅमिली डॉक्टर हिस्टेरिया म्हणाले. मेंदूच्या डॉक्टरांनी पीएनईएस लिहिलं. सोलापुरातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी ‘डिसोसिएटिव्ह कन्व्हल्जन्स, एफ ४४.५’ लिहिलं. पुण्याला दाखवलंत तिथे ‘फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर’ असं लिहून आलं. तुम्ही मोबाइलवर शोधलंत, तर डिसोसिएटिव्ह म्हणजे एका शरीरात दोन माणसं असं काहीतरी वाचायला मिळालं. आईच्या मते हे बाहेरचं आहे, गाणगापूरला न्यायला हवं. मामांच्या मते सगळं नाटक आहे, लग्न लावून दिलं की थांबेल. आणि तुम्ही विचारताय की चौघांतलं बरोबर कोण, का कुणालाच काही कळलेलं नाही.

चौघंही एकाच आजाराबद्दल बोलत आहेत. फॅमिली डॉक्टरांचा शब्द जुना आहे, तो आता निदान म्हणून वापरत नाहीत, पण त्यांचा रोख त्याच दिशेने होता. तुमची खरी अडचण मला वेगळी वाटते. आठ महिने, चार दवाखाने आणि एवढा पैसा खर्च होऊनही तुम्हाला कुणी समोर बसवून ‘हिला हे झालंय, ते आम्ही अशावरून ठरवलं’ एवढं सांगितलेलं दिसत नाही. ते सांगितलं नाही की घरचे नावं मोजत बसतात, आणि प्रत्येक नव्या नावागणिक विश्वास कमी होतो.

मी तिला तपासलेलं नाही. त्यामुळे पुढचं सगळं तुमच्या वर्णनावर आणि या आजाराच्या रुग्णांसोबतच्या माझ्या कामावर आधारलेलं आहे. तिच्या बाबतीतला शेवटचा शब्द तिच्या डॉक्टरांचाच.

आधी आजार काय आहे ते पाहू. आपली आठवण, शरीरावरचा ताबा, संवेदना आणि ‘हे माझ्याबाबत घडतंय’ ही जाणीव, हे सगळं एरवी एकत्र चालतं. काही माणसांत, काही परिस्थितीत, ही जोडणी सुटते. यालाच डिसोसिएशन म्हणतात. तुम्ही टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहात, म्हणून तुमच्याच कामातलं उदाहरण देते. ताण्याचा धागा ढिला पडला तरी माग थांबतो. मोटर जळालेली नसते, वीजही असते, तरी माग उभाच. अशा वेळी मोटर उघडून पाहिली तर तिच्यात दोष सापडणार नाही, पण म्हणून माग थांबलाच नव्हता असं कुणी म्हणत नाही. बहिणीचा एमआरआय नॉर्मल येतो तो असा. मेंदूची रचना ठीक आहे, काम अडतंय.

काय सुटतं त्यावर आजाराचं रूप ठरतं. आठवण सुटली तर माणसाला काही तास किंवा काही वर्षं आठवत नाहीत. स्वतःची जाणीव सुटली तर आपण आपल्याला लांबून बघतोय, आजूबाजूचं सगळं काचेपलीकडचं आहे असं वाटतं. शरीरावरचा ताबा सुटला तर झटके येतात, हात लुळा पडतो, आवाज जातो, दातखिळी बसते. आणि ‘मी कोण’ हेच सुटलं तर एकाच माणसात वेगवेगळी व्यक्तिमत्त्वं दिसतात. मोबाइलवर तुम्ही वाचलंत ते हे शेवटचं. आमच्याकडच्या ओपीडीत ते क्वचित दिसतं, झटके आणि अंगात येणं मात्र नेहमीचं. तुमच्या वर्णनात दोन व्यक्तिमत्त्वांची कुठलीच खूण नाही, तेव्हा ती भीती काढून टाका.

आता नावांचा गोंधळ कुठून आला ते सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये शार्को आणि त्यांच्यानंतर पिएर जाने यांनी अशा रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला, आणि मनाची जोडणी सुटते ही कल्पना जाने यांनी १८८९ साली सविस्तर मांडली. तेव्हा या सगळ्याला हिस्टेरियाच म्हणत. अमेरिकन मानसोपचार संघटनेची डीएसएम ही निदानपुस्तिका १९८० साली नव्याने लिहिली गेली, तेव्हा तो शब्द काढला आणि आजाराची दोन प्रकरणं केली. आठवण आणि ओळख बिघडली की डिसोसिएटिव्ह, शरीराची लक्षणं आली की कन्व्हर्जन. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी वर्गीकरणाने ही फाळणी मान्य केली नाही. त्यांच्या दहाव्या आवृत्तीत दोन्ही एकाच घरात, एफ ४४ खाली राहिले. आपल्याकडे बहुतेक मानसोपचारतज्ज्ञ आयसीडी वापरतात, म्हणून सोलापूरच्या कागदावर एफ ४४.५ आलं. मेंदूचे डॉक्टर त्याच झटक्यांना पीएनईएस म्हणतात, म्हणजे अपस्माराचे, फिटचे नसलेले झटके. डीएसएमने २०१३ साली कन्व्हर्जनच्या जोडीला ‘फंक्शनल न्यूरॉलॉजिकल सिम्प्टम डिसऑर्डर’ हे नाव दिलं आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीत तेच पुढे आणलं. पुण्याच्या कागदाचा उगम तो. १ जानेवारी २०२२ पासून आयसीडीची अकरावी आवृत्ती लागू झाली. तिच्यात हाच आजार ‘डिसोसिएटिव्ह न्यूरॉलॉजिकल सिम्प्टम डिसऑर्डर’ म्हणून, ६बी६० या क्रमांकाखाली आहे. उद्या एखाद्या कागदावर हे पाचवं नाव दिसलं तर घाबरू नका.

पण नावं बदलली ही त्यातली छोटी गोष्ट. निदान करण्याची रीतच बदलली, आणि तुमच्या बहिणीच्या दृष्टीने महत्त्वाचं ते आहे.

पूर्वी हे निदान वजाबाकीने व्हायचं. सगळ्या तपासण्या नॉर्मल, डॉक्टरांना काही सापडलं नाही, म्हणजे हिस्टेरिया. त्याचे परिणाम वाईट झाले. १९६५ साली लंडनच्या एलियट स्लेटर यांनी हिस्टेरियाचा शिक्का बसलेल्या जुन्या रुग्णांचा पुढचा मागोवा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांना नंतर मेंदूचा किंवा शरीराचा दुसराच आजार निघाल्याचं दिसलं. डॉक्टर मंडळी त्याने हादरली. पुढे २००५ साली जॉन स्टोन आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांतले असे अभ्यास एकत्र तपासले. १९५० च्या दशकातल्या अभ्यासांत चुकीच्या निदानाचं प्रमाण २९ टक्के होतं, ते १९७० नंतरच्या अभ्यासांत ४ टक्क्यांच्या आसपास आलेलं दिसलं. म्हणजे आज नीट तपासून केलेलं हे निदान इतर आजारांच्या निदानाइतकंच भरवशाचं आहे. ‘काही सापडत नाही म्हणून मनाचं म्हणून टाकलं’ ही तुमची शंका पूर्वीच्या काळाला लागू होती. आज कुणी तसंच केलं असेल, तर आजही लागू होते.

आता आम्ही खुणा शोधतो, म्हणजे हा आजार आहे हे दाखवणाऱ्या गोष्टी. एक खूण उदाहरणादाखल सांगते. एका पायातली ताकद गेली म्हणून रुग्ण येतो. त्याला कॉटवर उताणं झोपवते, कमजोर पायाच्या टाचेखाली माझा तळहात ठेवते आणि म्हणते, टाच खाली दाबा. काही जाणवत नाही. मग हात तिथेच ठेवून म्हणते, आता दुसरा, चांगला पाय वर उचला, मी वरून दाबते त्याच्या विरुद्ध उचला. त्या क्षणी कमजोर पायाची टाच माझ्या तळहातावर जोरात रुतते. एक पाय उचलताना दुसऱ्याने आधार देणं हे शरीर आपोआप करतं, तेव्हा लक्ष त्या पायावर नसतं. नसांची वाट शाबूत आहे, फक्त मुद्दाम हलवायला गेलं की अडतं, हे त्यातून दिसतं. चार्ल्स हूव्हर यांनी १९०८ साली ही चाचणी सांगितली. मी ती नातेवाइकांसमोर करते आणि रुग्णालाही त्याच्या हाताने तपासायला लावते. पकडलं, असा त्यात भाव नसतो. ‘बघा, पायात ताकद आहे, ती परत वापरता येईल’ हे त्याला स्वतःला कळावं म्हणून ते करायचं.

झटक्यांच्या अशाच खुणा आहेत. अंगभर येणाऱ्या अपस्माराच्या झटक्यात डोळे सहसा उघडे असतात आणि झटका बहुधा एक ते तीन मिनिटांत ओसरतो. डोळे घट्ट मिटलेले, कुणी उघडायला गेलं तर आणखी आवळले जाणारे, डोकं दोन्ही बाजूंना हलणारं, हालचाल कमी होऊन पुन्हा वाढणारी, दहा-वीस मिनिटं चालणारी, आणि शेवटी रडू, हे सगळं डिसोसिएटिव्ह झटक्याकडे बोट दाखवतं. तुम्ही लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी यात बसतात. तरीही एका खुणेवर कुणी निदान करू नये. पडून लागणं किंवा लघवी होणं दोन्हींत घडू शकतं, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही.

इथे ईईजीबद्दल एक गैरसमज दूर करते. झटका नसताना काढलेला ईईजी नॉर्मल आला म्हणून अपस्मार नाही, असं ठरत नाही. खरा पुरावा म्हणजे झटका येत असताना व्हिडिओसह चालू असलेला ईईजी. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या गटाने २०१३ साली या निदानाच्या खात्रीच्या पायऱ्या ठरवून दिल्या. नुसत्या वर्णनावरून ‘शक्य’, मग डॉक्टरांनी झटका किंवा त्याचा व्हिडिओ पाहिला तर एक पायरी वर, आणि व्हिडिओ-ईईजीत झटका पकडला तर ‘सिद्ध’. तुमची बहीण यांपैकी कुठल्या पायरीवर आहे, हा प्रश्न तिच्या डॉक्टरांना जरूर विचारा. व्हिडिओ-ईईजी सगळ्यांना परवडत नाही, प्रत्येक वेळी त्याची गरजही नसते. पण फोनवर काढलेला एक चांगला व्हिडिओ सगळ्यांना शक्य आहे. सुरुवातीपासून, चेहरा आणि डोळे दिसतील असा, आवाजासकट. आणि तो तिला विचारून काढा, घरच्या ग्रुपवर टाकू नका.

काही रुग्णांना दोन्ही असतं, अपस्मारही आणि हेही. म्हणून तिला फिटच्या गोळ्या चालू असतील तर ‘डॉक्टर मनाचं म्हणाले’ म्हणून त्या एकदम बंद करू नका. अपस्मार नसेल तर त्या गोळ्यांचा या झटक्यांवर उपयोग होत नाही हे खरं, पण त्या मेंदूच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवायच्या असतात.

मामांच्या ‘नाटक’ या शब्दाकडे येते. तो शब्द ऐकला की मला रुग्णाची काळजी वाटते, कारण त्यानंतर घरात काय होतं ते मी पाहिलेलं आहे. कांदा आणि चप्पल हुंगवतात, चिमटे काढतात, थोबाडीत मारतात. नाटक करणारा माणूस ठरवून करतो आणि त्याला कळत असतं. या आजारात ताबा खरोखरच सुटलेला असतो. मेंदूच्या कामाचं चित्र घेणाऱ्या अभ्यासांत, मुद्दाम केलेली हालचाल आणि या आजारातली हालचाल यांत फरक दिसलेला आहे. ‘ही हालचाल मी केली’ अशी जाणीव देणारं जाळं तेव्हा वेगळं काम करत असतं. झटक्यात तिला तुमचं बोलणं ऐकू येत असेल, तरीही तिला थांबता येत नाही. तेव्हा कानाशी जे बोलाल ते जपून बोला.

दुसरी गोष्ट टेन्शनची. पूर्वीच्या निकषांत झटक्यांआधी काही मानसिक ताण सापडलाच पाहिजे अशी अट होती. डीएसएमने २०१३ साली ती काढली, आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीतही ती नाही. बदल कागदावरचा दिसतो, पण घरात त्याचा फार फरक पडतो. तुम्ही लिहिलंय की डॉक्टरांनी टेन्शन विचारलं, ती नाही म्हणाली, आणि तेव्हापासून घरचे तिचा फोन तपासतात, कॉलेजात कुणी आहे का म्हणून चौकशा करतात. हे कृपा करून आजच थांबवा. काहींच्या मागे लहानपणचा अत्याचार असतो, काहींच्या मागे परीक्षा, कर्ज, सासर असतं, काहींना आधी डोक्याला मार लागलेला असतो किंवा नुसतं आजारपण झालेलं असतं. आणि काहींत ठळक असं काहीच सापडत नाही, तरी उपचार होतात. असेल ते ती सांगेल, पण तिच्या वेळेला आणि तिला सुरक्षित वाटेल तिथे. म्हणून मी पहिल्या भेटीतच घरच्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगते. सोलापूरच्या पूर्व भागातून आलेल्या मुलीशी शक्य तर तेलुगूत, अक्कलकोटकडच्या मुलीशी कन्नडमध्ये बोलण्याची सोय करते, कारण दुःख घरच्या भाषेत लवकर बाहेर येतं. ती सज्ञान आहे. तिने आम्हाला सांगितलेलं गुप्त ठेवण्याचा हक्क तिला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला आहे. तुम्ही भाऊ म्हणून काळजीने विचाराल तरी मी सगळं सांगणार नाही, आणि त्याचा राग मानू नका.

आता आईंचं म्हणणं. आपल्या भागात नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर किंवा गावच्या यात्रेत कुणाच्या अंगात येतं, त्याला आम्ही आजार म्हणत नाही. आयसीडीची अकरावी आवृत्तीही तेच सांगते. अंगात येणं हा आजार तेव्हाच, जेव्हा ते माणसाला नकोसं असतं, त्याच्या हातात नसतं, समाजाने मानलेल्या विधीच्या बाहेर घडतं आणि त्याचं जगणं त्याने विस्कटतं. एक बाई वर्षातून एकदा देवीपुढे घुमते आणि दुसऱ्या दिवशी विड्या वळायला बसते, तिला माझी गरज नाही. दुसरीच्या अंगात आठवड्यातून चारदा मेलेली जाऊ येते, स्वयंपाक थांबतो, मुलं घाबरून शेजारी पळतात, तिला उपचार लागतात. तुमच्या बहिणीच्या झटक्यात कुणी दुसरं बोलत नाही, ती स्वतःला दुसरं कुणी म्हणवत नाही, म्हणून हा तो प्रकारही दिसत नाही. आईंशी वाद घालू नका. गाणगापूरला दर्शनाला न्यायचं असेल तर न्या, गोळ्यांची आणि डॉक्टरांची तारीख तेवढी चुकवू नका. कुणी भूत उतरवतो म्हणून मारायला, दोरखंडाने बांधायला, मिरचीची धुरी द्यायला लागला तर मात्र तिथून ताबडतोब बाहेर पडा. आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

आठवण सुटण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ‘हे पुढे वाढत जाऊन ती घर सोडून जाईल का’ असं एक वाक्य तुमच्या प्रश्नात आहे, म्हणून सांगते. तो वेगळा प्रकार आहे. ओळख बदलून एक उदाहरण देते. रात्रपाळी करणारे एक गृहस्थ कुर्डुवाडी स्टेशनवर सापडले. खिशात तिकीट होतं, पण तिथे कसे आलो ते आठवत नव्हतं, नावही सांगता येत नव्हतं. पूर्वी याला फ्यूग नावाचं वेगळं निदान असे. २०१३ पासून डीएसएममध्ये, आणि आता आयसीडीतही, ते विस्मरणाच्या आजाराचाच एक प्रकार धरतात, कारण भटकणं हे विस्मरणाचंच एक रूप आहे असं लक्षात आलं. झटके येणारा माणूस त्या वाटेने जातोच असं अजिबात नाही.

उपचारांबद्दल. डिसोसिएशनसाठी म्हणून वेगळी गोळी नाही. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर तिची औषधं देतात, आणि ती उपयोगी पडतात. मुख्य उपचार म्हणजे नीट समजावून सांगणं आणि मग मानसोपचाराची सत्रं. झटक्याआधी काय होतं ते ओळखायचं, छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, सगळं लांब गेल्यासारखं वाटणं. त्या वेळी लक्ष परत आणायचं, पाय जमिनीवर घट्ट टेकवून, समोरच्या पाच वस्तूंची मोठ्याने नावं घेऊन, गार पाण्यात हात घालून. झटक्याच्या भीतीने सोडलेल्या गोष्टी, बस, वर्ग, एकटीने अंघोळ, हळूहळू परत सुरू करायच्या. याची फळं किती, तेही सांगते. ब्रिटनमध्ये ३६८ रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर झटक्यांच्या संख्येत अशी सत्रं घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत ठळक फरक आला नाही. पण सत्रं घेतलेल्यांना झटक्यांचा जाच कमी झाला, झटक्यांविना सलग दिवस जास्त मिळाले, रोजचं जगणं सुधारलं. म्हणून मी घरच्यांना ‘झटके किती’ एवढंच मोजू नका म्हणते. ती कॉलेजला किती दिवस गेली तेही लिहून ठेवा. लवकर निदान होऊन घरचे सोबत राहिले तर चित्र जास्त चांगलं असतं, आणि आठ महिने म्हणजे फार उशीर नव्हे.

झटका आला की तिला सपाट जागी कुशीवर वळवा, आसपासच्या टोकदार वस्तू हलवा, गर्दी कमी करा, एकानेच शांतपणे ‘तू सुरक्षित आहेस, हे थांबेल’ म्हणावं. तोंडात पाणी, चमचा काही नको. नेहमीसारखा नसलेला झटका, अंग निळं पडणं, मार लागणं, किंवा हा कोणता झटका अशी शंका असताना पाच मिनिटं उलटणं, यांत सरळ दवाखाना गाठा. तिथे पोहोचताच ‘हिचं डिसोसिएटिव्ह झटक्यांचं निदान आहे’ असं सांगा आणि कागद दाखवा. लांबलेला झटका अपस्माराचा समजून जबर औषधं टोचली गेल्याचे, अगदी व्हेंटिलेटरपर्यंत गेल्याचे प्रसंग घडलेले आहेत.

लग्नाचं सरळ सांगते, लग्न हा या आजाराचा उपचार नाही. नवं घर, नवी माणसं आणि आजार लपवण्याचा ताण, यांत झटके वाढलेले मी पाहिले आहेत. तिला शिक्षण पूर्ण करू द्या. पुढे तिला लग्न करायचं असेल तेव्हा करेल, त्यात या आजाराची आडकाठी नाही.

यापुढे चारऐवजी एकच डॉक्टर धरा. सोलापुरातच राहिलात तरी चालेल, सिव्हिलमध्येही मानसोपचार विभाग आहे. मेंदूच्या डॉक्टरांचा आणि त्यांचा एकमेकांशी एक फोन होऊ द्या. रात्री-बेरात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पुढच्या भेटीला व्हिडिओ, चालू गोळ्यांची यादी आणि झटक्यांची वही घेऊन जा, आणि आत गेल्यावर आधी तिला बोलू द्या.